शैलाच्या फ्रिजमधलं पाणी

शैला गेल्याचा फोन आला तो रुबीनाचा. रुबीना म्हणजे शैलाची विद्यार्थिनी, सिल्लोडची पोरगी, आता स्वतःच एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. मी गॅसवर दूध ठेवलं होतं. "कुंदा मॅडम…" एवढंच ती म्हणाली. विचारायचं काय राहिलं होतं? दूध उतू गेलं, ओट्यावर पसरलं, आणि आम्ही दोघी आपापल्या घरी फोन कानाला धरून नुसत्या उभ्या. आदल्या संध्याकाळीच मी दवाखान्यात जाऊन आले होते. तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून शैला मला म्हणाली होती, "माझा छोटा फ्रिज बंद करू देऊ नकोस गं. घरात माणसं जमतील, कुणीतरी शहाणा बटण बंद करील. रुबीना बाटल्या नेईपर्यंत तो चालू राहिला पाहिजे." मी चिडले. म्हटलं, मरायच्या गोष्टी कशाला करतेस? तर म्हणाली, "मरायच्या कुठं, फ्रिजच्या करतेय…" आणि खोकत खोकत हसली.

तिला फ्लू झाला होता. साधा फ्लू. तो बरा होता होता छातीत कफ धरला, न्यूमोनिया झाला, आणि त्या न्यूमोनियाचा जंतू एकाही औषधाला दाद देईना. डॉक्टरांनी जिवाचं रान केलं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. पण व्हायचं ते झालं. पुढं कॉलेजात शोकसभा झाली. आमचे एक माजी प्राचार्य उठले, घसा साफ केला आणि म्हणाले, "ज्या विषाणूंची वकिली शैलाताईंनी जन्मभर केली, त्याच विषाणूंनी अखेर त्यांचा घात केला. नियतीचा न्याय, दुसरं काय!" दोन-चार माना डोलल्या. एकजण तर चक्क हसला. मी ताडकन उठले, पण शेजारच्या बाईंनी पदराला धरून मला खाली बसवलं. सभेत बसले बाई मी. पण इथं मला कोण बसवणार आहे? म्हणून हे लिहायला घेतलंय. कुणाला गोड वाटो न वाटो.

शैला नि मी एकाच वर्षी कॉलेजात लागलो. मी इतिहासाची, ती सूक्ष्मजीवांची. पहिल्याच आठवड्यात ती स्टाफरूममध्ये आली ती साडीचा काठ ओला आणि हातात एक बाटली घेऊन. बाटली तिनं मेजावर ठेवली, बरोबर माझ्या डब्याशेजारी. काय आहे विचारलं तर म्हणाली, "खामचं पाणी." आपल्या खाम नदीत, नावाची नदी, उरला नुसता नाला, काय काय वाहतं हे इथल्या माणसाला सांगायला नको. मी म्हटलं, "आधी उचल ते! माझी भाजी आहे तिथं." तिनं बाटली उचलली, आणि दुसऱ्या हातानं मलाही उचललं म्हणायचं, कारण ओढतच लॅबमध्ये घेऊन गेली. तिथं काचेच्या एका बशीत खरवसासारखा थर होता आणि त्यावर जिवाणूंची पांढरट साय धरली होती. त्या सायीत मधूनमधून गोल, स्वच्छ भोकं. धिरड्याला जाळी पडते ना, तशी. "ही भोकं ज्यांनी पाडली ते विषाणू," ती म्हणाली. "ह्यांना फाज म्हणतात. जिवाणूच्या आत शिरतात, तिथंच पोरंबाळं वाढवतात आणि त्याला फोडून बाहेर पडतात. माणसाच्या वाटेला जात नाहीत. एकेक फाज असा हट्टी असतो की त्याला त्याचाच जिवाणू लागतो, दुसऱ्याकडं ढुंकूनही बघणार नाही." मी विचारलं, मग असला गुणी प्राणी त्या घाणीत काय करतो? तर म्हणाली, "जिथं जिवाणू लई, तिथं त्यांना खाणारेही लई. फिल्टरच्या पाण्यात त्यानं काय उपाशी मरायचं?"

त्या दिवसापासून मी तिच्या नादी लागले ते लागलेच. नमुने घ्यायला बादली जड पडायची, म्हणून एकदा आम्ही दोघी शहागंजच्या बाजारात डोलची आणायला गेलो. लहानशी, पत्र्याची, कडीला दोरी बांधायची. दुकानदार म्हणाला, "कुएँ के वास्ते क्या बाजी?" बाजी म्हणजे ताई. शैला म्हणाली, "नहीं भाई, नाले के वास्ते." तो बिचारा आमच्याकडं बघतच राहिला. म्हणाला, "नाले में से क्या निकालते जी?" "दवाई," शैला म्हणाली. त्यानं दोरी जरा लांबच कापून दिली, पैसे घेतले, आणि आम्ही गल्लीच्या वळणावर पोचेपर्यंत दारात उभा राहून बघत होता. नंतर किती वर्षं ती डोलची शैलाच्या स्कूटरच्या हुकाला लटकत असायची. पूल दिसला की स्कूटर थांबायची, कठड्यावरून डोलची खाली. येणारे-जाणारे नाकाला रुमाल लावून बघायचे. प्राचार्यांनी एकदा तिला बोलावून घेतलं (हेच ते, नियतीचा न्याय करणारे) आणि सांगितलं की कॉलेजच्या आवारात गटारीचं पाणी आणायचं नाही, पालकांच्या तक्रारी येतात. शैला म्हणाली, "सर, पालकांच्या पोटातही हेच विषाणू आहेत. त्यांनाही आवारात येऊ द्यायचं नाही का?" मी बाहेर उभी होते. हसू दाबता दाबता माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

ती विषाणूंना चांगलं म्हणायची असा लोकांचा समज. तसं ती कधीच म्हणाली नाही. कोरोनाच्या काळात आमच्या कॉलनीनं मोबाईलवर तिचं भाषण ठेवलं होतं. सगळ्यांना वाटलं, बाई आता साबण कसा लावायचा ते सांगतील. ते तिनं सांगितलंच, नीट सांगितलं, मास्क लावा म्हणाली, लस आली की घ्या म्हणाली. मग म्हणाली, ह्या एका विषाणूनं आपल्याला धरलंय ते खरं, पण जगात विषाणू मोजता येणार नाहीत इतके आहेत आणि त्यातले फार थोडे आपल्या मुळावर येतात. समुद्रात ते जिवाणूंची संख्या आटोक्यात ठेवतात. बाळाला आईच्या पोटात जी वार पोसते ना, ती नीट घडायला लागणारा एक जनुक फार फार पूर्वी एका विषाणूकडूनच आपल्यात आलाय. काही लशींमध्येसुद्धा विषाणूलाच वेसण घालून निरोप्या म्हणून पाठवतात. झालं! कॉलनीतल्या एक बाई, नुकताच त्यांचा नवरा कोरोनानं गेला होता, त्या मध्येच ओरडल्या, "तुमच्या त्या चांगल्या विषाणूला सांगा, माझा माणूस परत आणून दे म्हणावं!" भाषण तिथंच संपलं. दुसऱ्या दिवसापासून शैलाला दूध द्यायला येणारासुद्धा तिच्या फाटकाच्या बाहेरूनच हाक मारायला लागला. पुढं टाळेबंदी उठल्यावर शैला एकटीच त्या बाईंकडं गेली. काय बोललीस म्हणून मी विचारलं, तर म्हणाली, "काही नाही. बसले. तिचा नवरा विषाणूनं मारला, तिच्यापुढं मी काय बोलू? पण म्हणून ज्यांनी कुणाचं काही बिघडवलं नाही त्यांना मी शिव्या देणार नाही. एकानं खून केला की अख्खी वस्ती फासावर चढवायची, ही आपली जुनीच खोड आहे गं, कुंदा." मला आजही त्या वाक्याचा अभिमान वाटतो. मी इतिहास शिकवलाय, मला ती खोड चांगली ठाऊक आहे.

आता तिच्या दादांचं सांगते, कारण सगळं तिथंच येऊन अडकलंय. शैलाचा थोरला भाऊ वैजापूरला शेती बघतो. कांदा, मका, बऱ्यापैकी चाललेलं. साखरेचा आजार. पायाला जखम झाली आणि ती चिघळत गेली. औषधं झाली, महागडी इंजेक्शनं झाली, जंतू हटेना. शैलानं त्या जखमेतला जंतू दवाखान्याच्या लॅबमधून रीतसर मागून घेतला आणि आपल्याजवळचा एकेक फाज त्याच्यावर सोडून पाहिला. आणि खामच्या एका नमुन्यातल्या फाजनं त्या सायीला अशी भोकं पाडली, अशी भोकं पाडली की रुबीना लॅबमध्ये नाचली! दादांना ते कळलं. ते थेट तिच्या लॅबमध्ये आले, पाय स्टुलावर ठेवला आणि म्हणाले, "वत ते हिच्यावर." शैला नाही म्हणाली. "दादा, बशीत मरतो म्हणून अंगात मरेलच असं नाही. नाल्यातनं काढलंय, अजून शुद्ध केलेलं नाही, तपासलेलं नाही. मी डॉक्टर नाही. परवानगी मिळाल्याशिवाय मी तुझ्या अंगाला हे लावणार नाही." दादा म्हणाले, "तू बहीण हाईस ना माझी?" "म्हणूनच," ती म्हणाली. मी त्या खोलीत होते. तिनं लॅबचा फ्रिज उघडला नाही.

पुढं दादांचा पाय घोट्यापासून काढावा लागला. अनुसयावहिनींनी, म्हणजे दादांच्या बायकोनं, शैलाशी बोलणं टाकलं. "हाताशी औषध असून भावाचा पाय जाऊ दिला," असं त्या येईल-जाईल त्याला सांगायच्या. शैलानं कधी उलट उत्तर दिलं नाही. ती कामाला लागली. एक सर्जन तिचं ऐकून घ्यायला तयार झाले. त्यांच्या मदतीनं परवानगीचे कागद गेले, शंका काढून परत आले, पुन्हा गेले. ती निवृत्त झाली, कॉलेजनं जागा दिली नाही, म्हणून बाटल्या तिनं घरी आणल्या आणि त्यांच्यासाठी एक छोटा फ्रिज घेतला. रोगाचा जंतू मात्र तिनं घरात कधी येऊ दिला नाही. तो दवाखान्याच्या लॅबमध्येच गोठवून ठेवलेला. "खाणारा घरी, खाणं बाहेर," असं म्हणायची. रुबीनाकडं थोड्या बाटल्या होत्या, पण तिच्या कॉलेजातला फ्रिज बिघडला तेव्हा त्याही शैलाकडंच आल्या. म्हणजे तिचं सगळं काम त्या एका छोट्या फ्रिजमध्ये होतं, आणि त्यात एका बाटलीवर तिच्या बारीक अक्षरात नुसतं लिहिलेलं, 'दादा'. दादांचा दुसरा पाय अजून शाबूत आहे. तो तसाच राहावा ह्यासाठी ती बाटली.

ती गेली त्या दिवशी घर माणसांनी भरलं. अनुसयावहिनीही आल्या, अबोला असला तरी मयताला येणार नाही अशी ती बाई नाही. मी सगळ्यांदेखत त्यांना बजावलं, "वहिनी, तो छोटा फ्रिज बंद करायचा नाही हं. शैलानं सांगितलंय." "नाय करत," वहिनी म्हणाल्या. तेरावं झालं, तिकडं रुबीनाच्या कॉलेजातला फ्रिजही दुरुस्त झाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रुबीना थंडाव्याची पेटी घेऊन आली, आम्ही दोघी गेलो. फ्रिज चालू होता. चांगला घरघरत होता. मी दार उघडलं… आत लखलखीत. पुसलेला, कोरा, रिकामा. आणि ओट्यावर सगळ्या बाटल्या घासूनपुसून उपड्या घातलेल्या. मी ओरडले, "बाटल्यांतलं कुठंय, वहिनी?" त्या झाडू हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. "पाणीच व्हतं ना बाई ते. सुतकातलं पाणी घरात ठेवत नसतेत. माठ, पिंप, बाटल्या, समदं वतलं, घासलं. फ्रिज नाय बंद केला, तुमी सांगितलं व्हतं म्हणून."

मी काय काय बोलले ते इथं छापण्याजोगं नाही. शैलानं जन्म घालवला, तुम्ही एका सकाळीत मोरीत ओतलात, असलं बरंच. मग रुबीनानं एक बाटली उचलली. धुतली तरी चिठ्ठीचा कोपरा राहिला होता, 'दा' एवढा. वहिनींना अक्षर येतं. त्यांनी ते वाचलं आणि हळूच विचारलं, "ह्यांच्या पायाचं व्हतं व्हय त्यात?" रुबीनानं मान हलवली. वहिनी मट्कन खाली बसल्या. "मला वाटलं, तवाच फेकून दिलं आसंल तिनं… इतकी वर्सं ठेवलं?" म्हणाल्या आणि तोंडाला पदर लावून जे रडल्या ते मला बघवेना. माझा सगळा राग कुठं गेला कोण जाणे. शैला जिवंत असताना ह्या बाईच्या डोळ्यांत तिच्यासाठी मी एक थेंब पाहिला नव्हता.

आणि अशात रुबीना हसायला लागली. मला वाटलं, पोरीचं डोकं फिरलं. ती म्हणाली, "मॅडम, मोरीचं पाणी कुठं जातं? गटारीत. गटार नाल्यात, नाला खामला. ते मेलेले नाहीत, घरी गेलेत. दादांच्या जखमेतला जंतू दवाखान्यात गोठवलेला आहेच. गळाला लावायचं खाणं आहे, मासा परत शोधायचा." मी म्हटलं, एवढ्या नदीत तोच कसा सापडेल? "तोच नाही सापडला तर त्याचा भाऊबंद सापडेल. शैला मॅडमनाही पहिल्या दिवशी थोडाच सापडला होता!" वहिनींनी डोळे पुसले, उठल्या, गॅलरीत गेल्या. आल्या त्या हातात डोलची घेऊन. तीच, शहागंजची, तळाचं भोक डाख देऊन बुजवलेलं, दोरी दोनदा बदललेली. "कुठल्या पुलावरनं काढत व्हती ती?" त्यांनी मला विचारलं.

तर प्राचार्य सर, तुमच्या त्या वाक्याचं उत्तर आता ऐका. फ्लूच्या विषाणूनं शैलाचं दार उघडलं, हे खरं. मी ते नाकारत नाही, तिनंही नाकारलं नसतं. पण उघड्या दारातून आत शिरून जीव घेतला तो जिवाणूनं, कुठल्याही औषधाला न जुमानणाऱ्या. शैलाला ते दवाखान्यात सांगितलं तेव्हा ती मला म्हणाली होती, "ह्याला खाणारा कुठल्यातरी नाल्यात निवांत बसलाय बघ, आणि मी इथं पडलेय." तिला मारणाऱ्यावरचा उतारा विषाणूंमध्येच असू शकतो, आणि तो शोधायला ती जन्मभर नाकाला पदर न लावता त्या नाल्याकाठी उभी राहिली. ह्यात तुम्हाला नियतीचा न्याय दिसला? मला तर आपलाच अन्याय दिसतो. जिला आपण गटारवाली बाई म्हणून हसलो, जिला उभं राहायला एक टेबल दिलं नाही, तिच्या मरणावर पुन्हा टाळी घ्यायची? शोकसभेत नाही बोलू दिलं, म्हणून आज बोलते: शैला हरलेली नाही. फाज हे सगळ्या दुखण्यांवरचं औषध आहे असं मी म्हणत नाही, तीही म्हणाली नाही. कागद अजून परवानगीच्या वाटेवरच आहेत. पण कागद मंजूर होईल त्या दिवशी बाटली रिकामी असता कामा नये, एवढंच आमच्या हातात आहे.

पुलावर गेलो तेव्हा सकाळची गर्दी होती. मी दोरी सोडायला गेले तर वहिनींनी माझ्या हातातून काढून घेतली. "सरका. विहिरीचं पाणी वढलंय आम्ही, तुमच्यानं नाय व्हायचं." खरंच, एका झटक्यात डोलची तिरपी पडली, भरली आणि सरसर वर आली. वास असा की मी नाकाला पदर लावला. वहिनींनी पदर कमरेला खोचलेला, नाकाला लावायला त्यांना तो सुचलाही नाही. एक माणूस मोटारसायकल थांबवून बघत होता. त्याला राहवलं नाही. "काय पडलं का मावशी नाल्यात? सोनंबिनं?" वहिनी त्याच्याकडं वळल्या. "पडलं नाय. मीच टाकलं. माझ्या नणंदेचं हाय, परत न्यायला आलोय."

तो अजून सापडलेला नाही. पहिल्या नमुन्याच्या बशीत साय जशीच्या तशी राहिली, एक भोक नाही, दुसऱ्याच्याही तशीच. रुबीना म्हणते, धीर धरा. वहिनी वैजापूरहून एसटीनं येतात, माझ्याकडं चहा घेतात आणि आम्ही निघतो. कधी हा पूल, कधी तो. मागच्या खेपेला दादाही आले होते, कुबडी कठड्याला टेकवून उभे राहिले आणि डोलची खाली जाताना बघत होते. परतताना दोरी त्यांनी स्वतः गुंडाळून खांद्यावर घेतली. छोटा फ्रिज मी माझ्या घरी आणलाय. रिकामाच आहे, पण चालू ठेवलाय. डोलची माझ्या गॅलरीत खिळ्याला टांगलेली असते, आणि वहिनी यायला लागल्यापासून तिची दोरी अजून एकदाही पुरती वाळलेली नाही.